भिडू भुसावळला, तुम्ही धुळ्याला: ब्रिज बेस ऑनलाइनचं बिडिंग टेबल

खानदेशात पत्ते म्हटलं की आधी मेंढीकोट. पारावर चार जण, समोरासमोर भिडू, चारही दश्शा आपल्याकडे ओढायच्या. भिडूला पानं कळावीत म्हणून कुणी खाकरतो, कुणी कान खाजवतो, आणि समोरचे दोघं ते बघूनही न बघितल्यासारखं करतात. ब्रिजमध्ये भिडूला पानं कळवण्याचं हेच काम बोली करते, फक्त उघडपणे. बोलीचा जो अर्थ तुमच्या भिडूला ठाऊक आहे, तो समोरच्यांनाही विचारताच कळला पाहिजे. म्हणूनच ब्रिज शिकायला एक माणूस पुरतो, पण खेळायला पक्का भिडू लागतो. आपल्याकडे अडतं ते इथे. जळगावात एक खेळणारा, भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले दुसरे, धुळ्याला तिसरा, आणि चौथा शहाद्याचा, ज्याच्या शेताला रात्री लाईट येते म्हणून तो दहानंतर मोकळा नसतो. आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसायचं म्हटलं तरी नव्वद-शंभर किलोमीटर, तेही मे महिन्यात.

हा आढावा ब्रिज बेस ऑनलाइन, म्हणजे सगळे ज्याला बीबीओ म्हणतात त्या सेवेचा आहे. पण सगळ्या सेवेचा नाही. कॅनडाच्या फ्रेड गिटेलमनने सुरू केलेली ही सेवा २००१ पासून चालू आहे. जागतिक स्पर्धांचं थेट प्रक्षेपण, रोबोंच्या स्पर्धा, एकट्याने डाव खेळण्याचे धडे असं बरंच काही तिथे आहे. त्यातल्या एका कोपऱ्याकडे फार कमी लोक वळतात: सरावाच्या विभागातलं बिडिंग टेबल. दोन गावांत राहणाऱ्या जोडीसाठी या सेवेत सर्वांत कामाची गोष्ट हीच. बाकीचं सगळं बंद पडलं तरी चालेल, इतकी.

आधी जे वापरू नये ते. अनोळखी माणसाच्या समोर जाऊन बसणं फुकट आहे आणि सोपंही आहे, म्हणून नव्वद टक्के नवीन मंडळी तिथेच जातात आणि तिथेच वैतागतात. प्रोफाइलमध्ये आपली पातळी ज्याची त्याने लिहायची असते, त्यामुळे दर दुसरा माणूस 'एक्स्पर्ट'. बसल्या बसल्या चॅटमध्ये 'टू-ओव्हर-वन, चौदा-तीस, उलट्या खुणा' एवढं टाकलं की त्यांच्या मते करार झाला. तिसऱ्या डावाला तुमच्या २ नो ट्रम्पला (नो ट्रम्प म्हणजे हुकमाशिवाय खेळायचं) तो पास म्हणतो आणि मग 'काय केलं भो हे!' म्हणायलाही कुणी उरत नाही, कारण तोवर तो टेबल सोडून गेलेला असतो. यात दोष सेवेचा नाही. कन्व्हेन्शन म्हणजे एखाद्या बोलीला ठरवून दिलेला खास अर्थ, आणि तिचं नाव म्हणजे करार नव्हे. नावाखाली निदान सात-आठ वाक्यं लिहिलेली असतात, आणि ती वाक्यं दोघांची एकच असावी लागतात. बिडिंग टेबलाचा उपयोग ती वाक्यं शोधायला होतो.

मांडणी अशी. लॉग इन केल्यावर सरावाच्या विभागात जाऊन बिडिंग टेबल सुरू करायचं आणि समोरच्या जागेवर भिडूचं युजरनेम टाकायचं. पूर्व-पश्चिम पासच म्हणत राहतात. तुम्ही दोघं बोली पूर्ण केली की पानं उघडतात. डाव खेळावा लागत नाही, पुढचा वाटून घ्यायचा. नेहमीच्या टेबलावर एका डावाला सात-आठ मिनिटं जातात, इथे दोन-तीन. पाऊण तासात पंधरा डाव आरामात. त्याहून जास्त करू नयेत; सोळाव्या डावाला डोकं थकतं आणि चुका विसराळूपणाच्या व्हायला लागतात. त्यातून शिकायला काही मिळत नाही.

मोबाइलवर खेळणार असाल तर बसण्याआधी दोन सेटिंग बदलून घ्या. एक, बोली पक्की करण्याआधी विचारणारं. छोट्या पडद्यावर ४ बदामाऐवजी ४ इस्पिकवर बोट पडणं फार सोपं आहे. दुसरं, चारही चिन्हांना चार वेगळे रंग देणारं. किलवर-इस्पिक एकमेकांत मिसळून सहा पानी रंग पाच पानी दिसण्याचा प्रकार त्याने बंद होतो. वयस्कर भिडू असेल तर ही गोष्ट फोन करून त्याच्याकडून करून घ्या, तो स्वतःहून करणार नाही.

आता खरी ताकद कशात आहे ते. टेबलाच्या मेनूत डील सोर्स नावाची सोय आहे. तिथे प्रत्येक जागेसाठी कमीत कमी आणि जास्तीत जास्त पॉइंट (एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक), आणि प्रत्येक रंगाची कमीत कमी-जास्तीत जास्त लांबी ठरवता येते. पत्ते पिसून वाटत बसलात तर १ नो ट्रम्प उघडण्याजोगी पानं किती वेळाने येतील याचा नेम नाही. इथे दर डावाला आणता येतात.

पहिला संच नो ट्रम्पचा घ्या. उत्तरेला १५ ते १७ पॉइंट, प्रत्येक रंग २ ते ५ पानी. दक्षिणेला काहीही अट घालू नका. इथेच बहुतेक जोड्या चुकतात: दक्षिणेला १० ते १४ पॉइंट देऊन टाकतात, कारण गेमच्या, म्हणजे मोठा बोनस देणाऱ्या, बोली गोड लागतात. पण हिशोब बघा. एकूण ४० पॉइंट, उघडणाऱ्याकडे १६ धरले तर उरलेले २४ तिघांत. म्हणजे भिडूकडे सरासरी ८. खऱ्या टेबलावर तुम्हाला सर्वाधिक वेळा ५ ते १० पॉइंटच्या पानांचं काय करायचं हे ठरवावं लागतं, आणि मनासारखे गेम वाटून केलेला सराव तिथे काही कामाचा नाही. दोन पॉइंट आणि पाच पानी बदाम असलेल्याने ट्रान्स्फर करून (खालचा रंग बोलून भिडूकडून आपला रंग म्हणवून घेऊन) गप्प बसायचं, हे नुसतं माहीत असून भागत नाही, हाताला सवय असावी लागते.

ट्रान्स्फर आणि स्टेमन तर 'सगळ्यांनाच येतात'. हा डाव बघा. दक्षिण: इस्पिक राजा, गुलाम, ९, ७, ४, बदाम एक्का, दश्शी, ६, ३, चौकट राणी, ८, ५, किलवर २. दहा पॉइंट. उत्तर: इस्पिक एक्का, ८, ३, बदाम राजा, ५, चौकट एक्का, गुलाम, ६, ४, किलवर राजा, गुलाम, ९, ६. सोळा पॉइंट, बोली १ नो ट्रम्प. दक्षिणेकडे पाच इस्पिक आणि चार बदाम आहेत, गेम नक्की. ट्रान्स्फर केली तर बदामाचा चार-चारचा मेळ हरवू शकतो, म्हणून २ किलवर, स्टेमन: चार पानी मेजर (इस्पिक किंवा बदाम) आहे का, ही विचारणा. उत्तर म्हणतो २ चौकट, चार पानी मेजर नाही. आता दक्षिणेने ३ इस्पिक म्हटलं तर पाच पानी इस्पिक दाखवून होतं, पण हुकूम खेळायला दुबळी पानं येतात आणि नो ट्रम्पवाली पानं डमी म्हणून टेबलावर उघडी पडतात. बदामाचा राजा-दुक्कल आणि किलवरचा राजा-गुलाम यांच्यावरून थेट उतारी येते. म्हणून स्मोलेन: दक्षिण ३ बदाम म्हणते आणि त्याचा अर्थ 'चार बदाम, पाच इस्पिक, गेमपर्यंत जायचं'. उत्तर तीन इस्पिक मोजून ४ इस्पिक म्हणतो, उतारी राजांच्या अंगावर न येता राजांच्या दिशेने येते.

स्मोलेनचं नाव कार्डावर लिहिणं सोपं. बिगडतं कुठे, तर भिडूपैकी एकाच्या डोक्यात ३ बदाम म्हणजे पाच बदाम असतात. उत्तरेकडे तीन पानी बदाम असेल तर तो खुशाल ४ बदाम म्हणेल आणि तुम्ही चार-तीनच्या मेळावर गेम खेळाल, शेजारी इस्पिकचा आठ पानी मेळ पडलेला असताना. आणखी एक भोक: २ चौकटनंतर दक्षिणेने २ इस्पिक म्हटलं तर? ती गेमसाठीची विचारणा, की पडेल पानांची माघार? दोन्ही चालतात, पण एकच ठरवा. बिडिंग टेबलावर पंधरा डावांत हा प्रश्न एकदा तरी पडतोच, आणि पडला की लिहून टाकता येतो.

दुसरा संच टू-ओव्हर-वनचा, म्हणजे भिडूच्या एकच्या बोलीवर दोनच्या पातळीवर नवा रंग बोलण्याचा. उत्तरेला ११ ते १५ पॉइंट, इस्पिक पाच किंवा सहा. दक्षिणेला १२ ते १७. आता १ इस्पिक–२ चौकट झालं की गेम ठरलेला, कुणी घाई करायची नाही. तरी इथेच सगळ्यात जास्त तंटे. १ इस्पिक–२ चौकट–२ इस्पिक. दक्षिणेला वाटतं सहा इस्पिक आहेत, उत्तरेकडे पाचच असतात आणि त्याला दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं. दोन्ही पद्धतींनी चांगले खेळाडू खेळतात. क्वचित भेटणाऱ्या जोडीने मात्र दुसरी घ्यावी: २ इस्पिक म्हणजे निदान पाच, बाकी खास काही नाही. सहा पानीच हवी असं धरलं तर ५-३-३-२ च्या पानांना न बोललेल्या रंगात अडवणूक (समोरच्यांना तो रंग चालवू न देणारं पान) नसतानाही २ नो ट्रम्प म्हणावं लागतं आणि पुढचं सगळं गणित त्या खोट्या पायावर उभं राहतं.

याच संचात 'लवकर पोचणं म्हणजे दुबळं' हे तत्त्व घोटून घ्या. गेम पक्का झाल्यावर जो उडी मारून ४ इस्पिक म्हणतो त्याच्याकडे जास्तीचं काही नसतं. ज्याच्याकडे असतं तो ३ इस्पिक म्हणून जागा सोडतो. मराठी माणसाला हे उलटं वाटतं, आपल्याला जोरात बोललं की जोर आहे असं वाटतं. त्यामुळे वाचून पटलं तरी टेबलावर हात उडीकडेच जातो. आठ-दहा डाव लागतात.

तिसरा संच स्लॅमचा (बारा किंवा तेरा हात करण्याच्या बोलीचा), आणि यात एक खोड आहे. दोघांची बेरीज अमुक असावी अशी अट साध्या खिडकीत घालता येत नाही, दोघांना वेगवेगळी मर्यादा द्यावी लागते. उत्तर १६ ते १९, दक्षिण १४ ते १७ दिलं तर बेरीज ३० ते ३६ येते. छोट्या स्लॅमला साधारण ३३ लागतात हे धरलं तर यातल्या बऱ्याच डावांत स्लॅम नसतो, आणि तसंच हवं. बेरीज ३४ च्या वर नेऊन सराव केला तर जोडी दर वेळी स्लॅम म्हणायला शिकते आणि थांबायला विसरते. थांबण्याचा सराव हाच स्लॅमचा निम्मा सराव.

ब्लॅकवुडचं, म्हणजे ४ नो ट्रम्प म्हणून एक्के विचारण्याचं म्हणाल तर, ते ईझ्ली ब्लॅकवुडने १९३३ मध्ये आणलं तेव्हा फक्त एक्के मोजायचे. आता हुकमाचा राजा धरून पाच की-कार्ड मोजतात. चौदा-तीस पद्धतीत ४ नो ट्रम्पला ५ किलवर म्हणजे एक किंवा चार, ५ चौकट म्हणजे शून्य किंवा तीन, ५ बदाम म्हणजे दोन पण हुकमाची राणी नाही, ५ इस्पिक म्हणजे दोन आणि राणीसुद्धा. तीस-चौदामध्ये पहिली दोन उत्तरं अदलाबदल. एवढ्याशा फरकाने काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी: हुकूम किलवर आहे, विचारणाऱ्याला भिडूकडे दोन की-कार्ड हवीत, निघालं एकच. चौदा-तीसमध्ये उत्तर ५ किलवर, तिथेच पास. तीस-चौदामध्ये उत्तर ५ चौकट, आणि तुम्ही ५ किलवर ओलांडून गेलात. आता दोन एक्के नसताना सहावर जा, नाहीतर ५ नो ट्रम्पवर थांबण्याची वाट शोधा. विचारणारा बहुधा ताकदवान असतो, त्यामुळे उत्तर देणाऱ्याकडे शून्यापेक्षा एक असण्याची शक्यता जास्त, म्हणून स्वस्त उत्तर 'एक'ला दिलेलं बरं.

पण चौदा-तीस म्हणजे कवच नव्हे. हुकूम बदाम असेल आणि तुमच्याकडे एकच की-कार्ड असेल, तर भिडूने ५ इस्पिक म्हणताच दोन कमी असूनही ५ बदाम मागे राहिलेलं असतं. विचारण्याआधी चारही उत्तरं मनात म्हणून बघायची. एकही न परवडणारं असेल तर ४ नो ट्रम्प म्हणायचंच नाही, आधी बाजूच्या रंगातले एक्के-राजे बोलीने दाखवून घ्यायचे. आणि १ नो ट्रम्पवर लगेच ४ नो ट्रम्प हे ब्लॅकवुड नाही, 'जास्तीत जास्त असेल तर सहा म्हण' अशी विचारणा आहे, हे कागदावर पहिल्या ओळीत असावं. या एका बोलीने जितक्या जोड्या तोडल्या तितक्या कशाने तोडल्या नसतील.

दुबळ्या दोनचा (कमी पॉइंट आणि सहा पानी रंगावर दोनने उघडण्याचा) संच लवकर उरकतो: उत्तर ६ ते १०, इस्पिक नेमके सहा, बदाम जास्तीत जास्त तीन, दक्षिण १३ ते १८. २ नो ट्रम्प विचारल्यावर ओगस्ट नावाच्या कन्व्हेन्शनची उत्तरं ३ किलवर कमी पॉइंट आणि रंग वाईट, ३ इस्पिक जास्त पॉइंट आणि रंग चांगला. मधली दोन, ३ चौकट आणि ३ बदाम, वेगवेगळे लोक उलटी-सुलटी खेळतात. कुठलं कुठे ते ठरवा आणि पुढे चला. एवढं मात्र लक्षात ठेवा की दुबळ्या दोनने उघडलेल्याने आपली पानं सांगून टाकलेली असतात, कप्तान आता भिडू. समोरचे बोलले म्हणून उघडणारा स्वतःहून ३ इस्पिक म्हणायला लागला, तर त्याला टेबलावर नव्हे, फोनवर ओरडायचं.

आता या टेबलाचा मोठा दोष. पूर्व-पश्चिम गप्प असतात. खऱ्या डावात कुणी गप्प बसत नाही. महिनाभर फक्त इथे सराव केलेली जोडी सुरेख बोली लावते, आणि समोरच्याने १ नो ट्रम्पवर २ इस्पिक टाकताच तिचं घर कोसळतं. ३ बदाम आता जबरदस्तीचं की नाही? डबल शिक्षेचं की रंग विचारणारं? यासाठी लेबेनसोल: २ नो ट्रम्प म्हणजे भिडूने ३ किलवर म्हणायचं, मग आपण दुबळा रंग सांगून थांबायचं, तीनच्या पातळीवर थेट नवा रंग म्हणजे गेमपर्यंत. आणि ३ नो ट्रम्पचं असं की थेट म्हटलं तर समोरच्याच्या रंगात अडवणूक नाही, ३ किलवरच्या वळणाने म्हटलं तर आहे. काही जण हे उलट खेळतात, म्हणून कागदावर 'सावकाश म्हणजे अडवणूक आहे' असं पूर्ण वाक्य लिहा. पण गप्प टेबलावर हे घोटता येत नाही.

उपाय एकच, चार माणसं. महिन्यातून दोनदा दुसऱ्या जोडीला बोलावून साधं खासगी टेबल लावा. यजमानाने डील सोर्समध्ये उत्तरेला १५ ते १७ ठेवून पूर्वेला ८ ते १४ पॉइंट आणि पाच-सहा पानी इस्पिक द्यावी. म्हणजे दर डावाला कटकट होईल. अशाच रात्री निगेटिव्ह डबल (समोरच्याच्या बोलीवर न बोललेले रंग दाखवणारं) कुठल्या पातळीपर्यंत हेही ठरतं. १ चौकट–१ इस्पिक–डबल म्हणजे चार बदाम हे सगळे मानतात, पण १ चौकट–३ इस्पिक–डबल यावर निम्म्या जोड्यांची दोन मतं असतात.

रोबो भाड्याने घेऊन पूर्व-पश्चिमला बसवण्याचा पर्याय आहे, त्याला बीबीओ डॉलर मोजावे लागतात. त्याची घाई करू नये. रोबो टू-ओव्हर-वन खेळतात, नो ट्रम्प १५ ते १७, आणि ती पद्धत बदलता येत नाही. रोबोच्या कुठल्याही बोलीवर बोट ठेवलं की तिचा अर्थ दिसतो, हा भाग शिकणाऱ्याला फार चांगला. एकट्याने बसून 'या बोलीचा अर्थ काय असू शकतो' याचा शब्दकोश म्हणून वापरा. पण रोबोचा अर्थ म्हणजे तुमच्या जोडीचा करार नव्हे. रोबोने शिकवलेली सवय भिडूवर लादणारे लोक भेटतात. बचावात रोबो पानांनी ज्या खुणा करतो असं वाटतं, त्यांच्यावर भरवसा ठेवू नये.

बोलीनंतरची चर्चा कशी करायची हे सेवेत नसतं, ते आपणच करायचं. बोली चालू असताना चॅटमध्ये 'हे काय होतं?' असं लिहायचं नाही, फोनही नाही. पंधरा डाव संपल्यावर एका वहीत प्रत्येक चुकलेल्या डावाशेजारी एक अक्षर: करार नव्हता, करार होता पण विसरलो, करार होता पण अंदाज चुकला, किंवा सगळं बरोबर होतं आणि पानंच उलटी पडली. पहिल्या प्रकाराला वाक्य लिहायचं. दुसरा प्रकार एकाच कन्व्हेन्शनवर तीनदा आला तर ती कन्व्हेन्शन काढून टाकायची, मग ती कितीही देखणी असो. तिसऱ्यावर बोलायचं. चौथ्यावर अजिबात बोलायचं नाही.

हा चौथा प्रकार ओळखायला लोक जीआयबी या डाव तपासणाऱ्या प्रोग्रामचं बटण दाबतात, आणि तिथे घसरतात. ते विश्लेषण बावन्नही पानं उघडी धरून असतं. ४ इस्पिक 'होतो' असं ते सांगतं तेव्हा कधी कधी तो समोरचा एकटा राजा एक्क्याखाली पाडून होत असतो, जे बोली लावताना कुणालाच दिसणार नव्हतं. आणि होत नाही म्हणतं तेव्हा कधी फक्त फिनेस (समोरचं मोठं पान अमुक बाजूला आहे यावर लावलेला डाव) चुकलेली असते, म्हणजे तुमचा गेम पन्नास टक्क्यांचा होता. किंवा पाच पानं बाहेर होती आणि ती ४-१ वाटली गेली, जे २८ टक्के वेळा होतं. ६८ टक्के वेळा ३-२ वाटतात. बोली बरोबर होती की नाही हे टक्केवारीवर ठरतं, निकालावर नाही.

किती टक्के पुरेत, हे टीमच्या गुणांवरून काढा. व्हल्नरेबल असताना (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही मोठे असताना) ४ इस्पिक झालं तर ६२०, खालीच थांबून दहा हात केले तर १७०. फरक ४५०, म्हणजे १० इम्प (दोन टेबलांच्या फरकावरून मिळणारे टीमचे गुण). बुडालात एका हाताने तर उणे १००, दुसऱ्या टेबलावर १४०. फरक २४०, ६ इम्प. म्हणजे ३७-३८ टक्के असला तरी गेम म्हणावा. व्हल्नरेबल नसताना ६ विरुद्ध ५ इम्प, म्हणजे ४५ टक्के लागतात. जीआयबी हे सांगत नाही, वहीत वर लिहून ठेवा.

फुकट काय आणि पैसे कशाला, तर बिडिंग टेबल, खासगी टेबल, डाव बघण्याचे दुवे आणि ब्रिज मास्टरचे धडे फुकट. रोबो भाड्याने आणि बहुतेक सशुल्क स्पर्धांना डॉलर. ब्रिज मास्टरचे पाच स्तर हुकूम खेळण्याचे आहेत, बोलीचे नाहीत, पण तिसऱ्या स्तरापर्यंत प्रत्येकाने करावेत. कमी नेटवर चालतं, पत्त्यांना डेटा लागतो किती? लाईट गेली आणि वाय-फाय पडला तर मोबाइल डेटावरून परत येऊन खासगी टेबलावर आपल्या जागेवर बसता येतं. स्पर्धेत मात्र बदली माणूस बसवला जाऊ शकतो, तेव्हा लोडशेडिंगच्या वेळेत स्पर्धेत नाव घालू नये.

२०१८ च्या आशियाई स्पर्धांत पुरुषांच्या जोडी प्रकारात प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्णपदक आणलं, तेव्हा बर्धन साठीचे होते. वय या खेळात आड येत नाही, अनोळखी भिडू येतो. म्हणून गुण द्यायचेच तर बिडिंग टेबलाला पाचपैकी चार, एक गप्प विरोधकांसाठी कापलेला. अनोळखींबरोबरच्या खेळाला दोनच.

शेवटची गोष्ट, जिथे इथली सवय बाहेर नडते. बीबीओवर आपल्या बोलीचा अलर्ट (या बोलीला खास अर्थ आहे ही सूचना) आपणच द्यायचा आणि अर्थही आपणच लिहायचा. तो समोरच्यांना दिसतो, भिडूला दिसत नाही. ही पद्धत उत्तम आहे. ३ बदाम म्हणताना 'चार बदाम, पाच इस्पिक' लिहिलं तरी भिडूला स्वतःच आठवावं लागतं. पण जळगावात प्रत्यक्ष टेबलाशी, भिडूंमध्ये पडदा नसताना, उलट आहे: ज्याने बोली लावली त्याने गप्प राहायचं, अलर्ट त्याच्या भिडूने द्यायचा, आणि विचारल्यावर अर्थही भिडूनेच सांगायचा. तो अर्थ तुमच्या कानावर पडतो, आणि तुमच्या मनातल्याहून वेगळा असला तरी तो ऐकलाच नाही असं समजून बोली चालू ठेवावी लागते. स्वतःची ३ बदाम टेबलावर ठेवून सवयीने स्वतःच 'स्मोलेन' म्हणून टाकलं, तर ते मेंढीकोटातल्या खाकरण्यासारखंच आहे. म्हणून खऱ्या टेबलाशी बसण्याआधी एक संध्याकाळ फक्त अलर्टचा सराव करा: पाच डाव, बिडिंग बॉक्स समोर, आणि स्वतःच्या बोलीवर तोंड बंद.